रविवारचा बॉयलर

रविवारी लाँड्रीच्या धुराड्यातून धूर निघाला तो सगळ्यात आधी आईला दिसला. ती खिडकीशी बसून चहाची वाट पाहत होती आणि चहा नेहमीसारखाच उशिरा होता. तिला आधी वाटलं, आग लागली. मग धूर कसा सरळ, शिस्तीत वर चाललाय ते पाहिलं आणि तिच्या लक्षात आलं, की ही आग नव्हे, थोरल्या मुलाचा, दादाचा उद्योग आहे.

सहा दिवस वाफ आणि रविवारी बॉयलर थंड, हा नियम तिच्या नवऱ्याने लाँड्री काढली त्याच वर्षी घातला होता. घरात लग्न निघो, कोणी जावो, इस्पितळाच्या चादरींचा ढीग छताला लागो, रविवारी वाफ नाही. हा नियम मोडायचं वर्षभर दादाच्या डोक्यात घोळतंय हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण डोक्यात घोळणं वेगळं आणि कोणाला न विचारता पहाटे आग पेटवणं वेगळं.

"बाळ कुठाय गं?" आईने धाकट्या सुनेला हाक मारून विचारलं.

धाकटी चहा घेऊन आली. चेहऱ्यावर मात्र चहा देण्याचा भाव अजिबात नव्हता.

"कुठे असणार? उजाडायच्या आत दादांचा फोन आला. नुसती चाचणी आहे, लगेच मोकळा करतो म्हणाले. हे उठले, उलटा शर्ट घातला आणि गेले."

"चाचणी कसली?"

"मला कोण सांगतंय? मी काय, घरातली भिंत."

"भिंत इतकं बोलत नाही," आई म्हणाली आणि तिने कप घेतला.

बाळ म्हणजे घरातलं शेंडेफळ. पंचेचाळिशी उलटली, कानावरचे केस पिकले, तरी बाळच. बॉयलर चालवण्याचा परवाना सगळ्या लाँड्रीत त्याच्या एकट्याकडे होता. परवानेवाले बाकीचे नदीपलीकडच्या मोठ्या कारखान्यांत गेले होते. जाहिरात दिली तेव्हा एक जण आला, पगार ऐकला आणि चहा पिऊन निघून गेला. तेव्हा रविवारी बॉयलर पेटला तर बाळचा रविवार गेला, इतकं ते सरळ होतं. सहा दिवस धाकटीचा नवरा घरी यायचा तो अंघोळ, ताट, अंथरूण अशा क्रमाने. सातव्या दिवशी तो माणसात यायचा, मुलीशी पत्ते खेळताना हरायचा, बायकोचं बोलणं शेवटपर्यंत ऐकायचा. तो एक दिवस धाकटीचा होता आणि त्याचा धूर तिच्या डोळ्यांदेखत आकाशात चालला होता.

"चला, तुम्हीपण चला," ती सासूला म्हणाली. "ताई कालच आल्यात, त्यांनाही उठवते. देशाचं सुख मोजतात ना त्या? आता जरा घरचं मोजू देत."

* * *

घडीच्या खोलीत दादा बाह्या सरसावून उभा होता आणि त्याच्यासमोर लांबलचक टेबलावर चादरींचा डोंगर होता. पांढऱ्या, रुंद, हॉटेलच्या चादरी, रोलरखालून नुकत्याच निघालेल्या आणि अजून गरम. पहाटेपासून तो आणि त्याची बायको, थोरली, दोघंच रोलरवर होती. धुणं, वाळवणं, इस्त्री, सगळं त्याने योजलं होतं. घडी कोण घालणार हे तेवढं राहिलं, कारण ते योजायची पाळी त्याच्यावर जन्मात आली नव्हती. घडीच्या बायका आपापल्या घरी रविवार करत होत्या आणि त्यांना बोलवायची त्याची छाती झाली नव्हती.

"आलात? बरं झालं," तो म्हणाला. "दुपारी हॉटेलचा मॅनेजर येतोय. रविवारी माल तयार करून दाखवला की सातही दिवसांचा करार आपला. कागद तयार आहेत. वडिलांनी ठरवल्याप्रमाणे चार भागीदारांपैकी तिघांच्या सह्या लागतील. माझी झाली. आईची आणि ताईची झाली की संपलं."

"आणि यांची?" धाकटीने विचारलं.

"बाळची हवीच असं नाही. तीन पुरतात."

"म्हणजे ज्याचा रविवार जाणार त्याचीच सही नको."

"तो खाली मजेत आहे."

"असं ते म्हणाले?"

"काहीच म्हणाला नाही. म्हणजे मजेतच."

"दादा, इथेच तर सगळं चुकतं," ताई म्हणाली. ती अजून झोपेत होती, पण हा विषय तिच्या झोपेतही जागा असायचा. "न बोलणाऱ्याला सुखी धरायचं नसतं. आमच्या समितीच्या अहवालात यावर अख्खं प्रकरण आहे."

"आला निर्देशांक," दादा म्हणाला.

ताई, दादा आणि बाळच्या मधली बहीण, अर्थशास्त्राची प्राध्यापक होती. देशाची प्रगती नुसत्या उत्पन्नावर मोजू नये, माणसं कशी जगतात तेही मोजावं, म्हणून सरकारने जी समिती नेमली होती त्यात ती होती. तेव्हापासून दादा तिला निर्देशांक म्हणत असे. स्वतः तो पेपरात विकासदर छापून आला की लोक राशिभविष्य वाचतात तसा वाचायचा, आणि दर चांगला असेल तर त्या दिवशी त्याला जेवणही जास्त जायचं.

"तुला माहितीये दादा, रस्त्यावर दोन गाड्या आपटल्या तरी देशाचं उत्पन्न वाढतं?"

"माहितीये. मागच्या वेळी आलीस तेव्हा सांगितलंस. त्याच्या मागच्या वेळीही सांगितलंस. पण गाडीच नसली तर आपटणार काय, ते तुझी समिती सांगत नाही. आपल्या रस्त्यावर तीन लाँड्र्या होत्या. त्या दोघांनी रविवार पाळला, सणवार पाळले, मनःशांती पाळली. आज एकाच्या जागी पार्किंग आहे आणि दुसऱ्याच्या जागी काय आहे ते कळतसुद्धा नाही. वाढलो नाही तर आपणही तसेच जाऊ. मग त्या घडीच्या बायकांना सातही दिवस रविवारच."

उत्तर सापडेपर्यंत काहीतरी करावं म्हणून तिने समोरच्या चादरीचं टोक उचललं. दुसरं टोक थोरलीने धरलं.

आणि इथेच घात झाला. या घरातल्या कोणाही माणसाला गरम चादर पडलेली बघवत नाही. थंड झाली की सुरकुत्या बसतात आणि मग देव आला तरी त्या निघत नाहीत, हे सगळ्यांच्या हाडात भिनलेलं. त्यातून वडिलांनी एक खोड लावून ठेवली होती. ज्या दोघांचं भांडण असेल त्यांना ते एकाच चादरीला जुंपायचे. चादर ताणा, झटका, मग एकमेकांच्या दिशेने चाला, टोकाला टोक द्या, पुन्हा मागे जा. म्हणायचे, काय ते बोला, पण चादर खाली टेकता कामा नये. त्यामुळे या कुटुंबात रिकाम्या हाताने भांडणं कोणाला जमतच नसे. धाकटीने रागाने एक चादर ओढली, तिचं दुसरं टोक दादाच्या हातात आलं, आणि कोणी काही न ठरवता काम सुरू झालं.

"मी तुम्हाला आडवी येत नाही दादा," धाकटी चादर झटकून म्हणाली. "हॉटेल घ्या, विमानतळ घ्या, सगळ्या जगाचे कपडे धुवा. पण सोमवार ते शनिवार धुवा."

"लोक रविवारी हॉटेलात झोपत नाहीत का?"

"झोपतात. सुट्टी असते म्हणून झोपतात. त्यांच्या सुट्टीसाठी आमची का घालवता?"

"अगं, बाळला आठवड्यात दुसरा वार देऊ."

"कोणता वार? बॉयलर रोजच चालू असणार तर कोणत्या वारी देणार?" ती त्याच्यासमोर येऊन थांबली आणि टोकं त्याच्या हातात कोंबली. "आणि समजा दिला मंगळवार. मंगळवारी मुलगी शाळेत. मी पोस्टात. हे घरी बसून कोणाशी पत्ते खेळणार, मांजराशी?"

"दुसरा माणूस मिळाला की—"

"मिळाला की. धरा नीट, तुमचं टोक लोंबतंय."

आई कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून बघत होती. तिला दोघांच्याही घडीत खोट काढता येईना, याचंच तिला जरा वाईट वाटत होतं.

* * *

थोरली सहसा बोलत नसे. लग्न झालं तेव्हा सासूने तिला सांगितलं होतं, की या घरात बोलणारे पुष्कळ आहेत, तू ऐक. तिने ते इतकं मनावर घेतलं, की तिला मत आहे हेच सगळे विसरून गेले होते. आज टेबलाच्या पलीकडच्या टोकाला चादर घेऊन नणंदेच्या जवळ आली की ती एक वाक्य बोलायची आणि पुन्हा मागे जायची.

"ताई, सही करू नका."

मागे. झटका. पुन्हा पुढे.

"पहाटेपासून उभी आहे. पाय असे सुजलेत की चप्पल चढत नाही."

"दादाला सांगितलंस का?"

"सांगितलं. म्हणाले, करार होऊ दे, तुला गाडी घेतो." ती मागे गेली आणि पुन्हा आली. "गाडीत बसून पाय बरे होतात का हो? तुमच्या समितीत काय म्हणतात?"

ताईला हसू आलं आणि मग आलं याची लाजही वाटली.

"आणि त्यांचंही बघा," थोरली हळूच म्हणाली. "रविवारी संध्याकाळी फिरायला जायचे माझ्याबरोबर. आता फिरतात, पण फोनवर बोलत फिरतात. मी मागून पिशवी घेऊन चालते."

"नाही करणार मी सही," ताई म्हणाली. "शब्द देते."

शब्द देताना तिला मनापासून बरं वाटलं. एवढी वर्षं ती परिषदांतून हेच तर सांगत आली होती. तिच्या प्रत्येक भाषणात वडील यायचे: एक अल्पशिक्षित धोबी, ज्याने नफ्यापेक्षा माणसाच्या विश्रांतीला मोल दिलं आणि आठवड्यातून एक दिवस यंत्र थांबवलं. लोक टाळ्या वाजवायचे. एकदा तर एका परदेशी पाहुण्याने डोळे पुसले होते. ती चादर टेबलावर ठेवून सरळ उभी राहिली आणि मोठ्याने म्हणाली:

"दादा, वडिलांनी रविवार बंद ठेवला तो काही उगाच नाही. यंत्र माणसासाठी असतं, माणूस यंत्रासाठी नसतो, हे त्यांना फारसं न शिकता कळलं होतं. मी त्यांच्या विरोधात जाणार नाही."

"कसलं कळलं होतं?" आईने कोपऱ्यातून विचारलं.

"रविवारचं, आई."

"अगं, कोळसा पुरायचा नाही."

ताई आईच्या खुर्चीपाशी आली.

"महिन्याचा कोळसा उधारीवर मिळायचा आणि तो सहा दिवसांच्या हिशेबानेच पुरायचा," आई म्हणाली. "पुढे कोळसा मिळायला लागला, पण तोवर सवय लागली होती. आणि बंद म्हणजे काय, रविवारी ते नदीवर जाऊन हाताने धुवायचे. मीही जायची. तू माझ्या पाठीवर असायचीस."

"हे तू मला कधीच सांगितलं नाहीस."

"तू विचारलंस कधी? आलीस की तूच बोलतेस." आईने पदराने चष्मा पुसला. "सुख, विश्रांती, वेळ. आमच्याकडे लग्नानंतर दोन वर्षं वेळच वेळ होता. चूल पेटायची नाही म्हणून वेळ होता. तुझ्या त्या समितीत उपाशी निजलेलं कोणी आहे का गं? आण तो कागद थोरल्या."

आणि तिने सही केली. पुरी, जोडाक्षरांसकट.

आता दादाची पाळी होती, आणि ती त्याने चांगली साधली. ओरडला नाही. चादरीचं टोक बहिणीपुढे धरलं, तिने ते घेतलं, आणि दोघं ताणून उभी राहिली.

"तू शहरात शिकायला गेलीस तेव्हा फी कशावर भरली?"

"लाँड्रीवर."

"मला शिकायचं होतं हे आठवतं तुला?"

"आठवतं, दादा."

"मी काही बोललो का कधी?"

"नाही."

"मग मीही मजेतच असणार," दादा म्हणाला. "न बोलणाऱ्याला सुखी धरायचं नसतं, हे तूच म्हणालीस मघाशी. मला धरलंस की नाही एवढी वर्षं?"

ते खरं होतं. ताईने भावाकडे नीट पाहिलं. पोट सुटलेला, डोळ्यांखाली काळी वर्तुळं आलेला हा माणूस बहुतेक अजूनही तिची फी भरत होता. तिला दोन्ही बाजू दिसायला लागल्या. शिकलेल्या माणसाला दोन्ही बाजू दिसायला लागल्या की घरच्यांनी आशा सोडावी.

* * *

हॉटेलचा मॅनेजर वेळेआधी आला. तरुण, बुटांना धूळ न लागू देणारा. त्याने टेबलाकडे पाहिलं आणि तो थबकला, आणि त्याच्याबरोबर सगळ्यांनीच तिकडे पाहिलं.

डोंगर संपला होता. टेबलभर चादरींचे सारखे गठ्ठे रचलेले होते, कडेला कड, एक सूतही मागेपुढे नाही. भांडता भांडता त्यांनी सगळा माल तयार केला होता. शेवटची चादर धाकटीच्या हातात होती आणि तिचीही घडी अर्धी झाली होती.

"हे रविवारी?" मॅनेजर म्हणाला. "आम्हाला तर सांगितलं होतं की तुमच्याकडे रविवारी माणूस मिळत नाही. घडी कोणाची आहे ही? आमच्याकडेसुद्धा अशी येत नाही."

"घरच्यांचीच," दादा म्हणाला. "आमच्याकडे सगळे मिळून करतात."

धाकटी हातातल्या चादरीकडे बघत राहिली. तिला दादाचा आला नाही एवढा स्वतःच्या हातांचा संताप आला. चादर तशीच चोळामोळा करून मॅनेजरच्या बुटांवर टाकावी असं तिला वाटलं. पण हातांनी ऐकलं नाही. त्यांनी घडी पुरी केली आणि वर हळूच थोपटलं.

"फक्त सही," मॅनेजर घड्याळ बघत म्हणाला. "आज झाली नाही तर उद्या मी दुसऱ्या लाँड्रीत जाणार आहे. लपवत नाही."

सगळे ताईकडे बघत होते. थोरली तर अशी बघत होती, की ताईला तिकडे बघवेना.

"मी अटीवर करते," ताई म्हणाली. "सहा महिन्यांच्या आत दुसरा परवानेवाला माणूस आलाच पाहिजे. आणि सहा महिन्यांनी आपण सगळे बसून आढावा घ्यायचा. कामगारांचा, घरच्यांचा. मी एक छोटी पाहणीच करून देईन."

"दहा पाहण्या कर," दादा म्हणाला आणि पेन पुढे केलं.

तिने अट समासात लिहिली, बारीक, सुवाच्य अक्षरात, आणि खाली सही केली. मॅनेजरने समासाकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

"वन्सं," धाकटी म्हणाली. एरवी ती ताईच म्हणायची. "तुमचा तो निर्देशांक दहापैकी असतो की शंभरपैकी?"

"असं बोलू नकोस गं. मी अट घातलीये ना?"

"घातलीत खरी. फार सुंदर अक्षर आहे तुमचं."

थोरली टेबलाला हात टेकून खाली वाकली, चप्पल पायात चढते का बघितलं, आणि चढेना तेव्हा दोन्ही हातांत घेऊन अनवाणीच घराकडे चालू लागली. दादा मॅनेजरला गाडीपर्यंत सोडायला गेला होता. त्याचं हसणं आवारातून आत ऐकू येत होतं.

"बाळ जेवला का?" आईने विचारलं.

धाकटीने सासूकडे पाहिलं, मग नणंदेकडे. "मला काय विचारता? पहाटेपासून त्यांचाच विषय चाललाय इथे. एवढ्यात कोणीतरी त्यांना विचारलंच असेल."

कोणी विचारलं नव्हतं.

* * *

ताट घेऊन ताईच गेली. बॉयलरच्या खोलीत ती किती वर्षांत उतरली नव्हती हे तिला पायऱ्यांवर पाय अडखळला तेव्हा कळलं. आत उकाडा होता आणि आवाज इतका की मन लावून वाईटही वाटून घेता येईना. बाळ एका पालथ्या खोक्यावर बसला होता. शर्ट अजून उलटाच होता. पाण्याची पातळी दाखवणाऱ्या काचेवर त्याची नजर होती, आणि बहीण आली तेव्हा त्याने ती क्षणभर काढून पुन्हा तिथेच लावली.

"ताई. तू कशाला आलीस एवढ्या धुरात?"

"जेव आधी."

त्याने हात पँटला पुसले आणि ताट मांडीवर घेतलं.

"झाल्या सह्या?"

"झाल्या." ती आवाजावर आवाज चढवून बोलत होती. "पण मी अट घातलीये बाळ. सहा महिन्यांत दुसरा माणूस. लेखी आहे."

"बरं केलंस."

"तुला राग आलाय का?"

त्याने घास गिळला, विचार केला. खरंच केला, कारण असं त्याला कोणी विचारत नसे.

"राग नाही गं. दादाचंही बरोबरच असेल. मला त्यातलं कळत नाही." त्याने पुढे होऊन कसलीशी चावी किंचित फिरवली आणि पुन्हा बसला. "तू पुढच्या महिन्यात येशील ना?"

"येणार की. रविवार धरूनच येते मी नेहमी, तू भेटतोस म्हणून."

"हां," बाळ म्हणाला. "मग आता घरी नको जाऊस. सरळ इकडेच ये."